दहावं बटण

हाडांच्या दवाखान्यात मुलांचा एक वेगळा वॉर्ड होता आणि त्या वॉर्डाला एक बाई होत्या. मुलं तिथे महिनोन्‌महिने पडून असायची, शाळा बुडायची, म्हणून दवाखान्याने बाईंना नेमलं होतं. त्याआधी त्या एका मोठ्या शाळेत गणित शिकवायच्या. तिथे त्यांचा तापट स्वभाव मुख्याध्यापकांना झेपला नाही, की मुख्याध्यापक त्यांना झेपले नाहीत, याबद्दल दोन मतं आहेत. इथे मात्र त्या रमल्या. पाय प्लास्टरमध्ये असलेलं पोर वर्गातून पळून जाऊ शकत नाही, हा या नोकरीतला सगळ्यात मोठा फायदा, असं त्या येईल-जाईल त्याला सांगायच्या.

शुक्रवार फाशांचा. पुस्तकात 'संभाव्यता' असा शब्द आहे, पण बाई तो उच्चारायच्या नाहीत. एवढ्या जड शब्दाखाली पोर चेंगरून जाईल, म्हणायच्या. त्यांचा शब्द साधा, 'शक्यता'. फासे लाकडाचे होते आणि ते टाकायचे सिस्टरकडून मागून आणलेल्या स्टीलच्या ट्रेमध्ये. कारण फासा खाटेखाली गेला की तो काढायला खाली उतरायची मुभा वॉर्डात एकाही मुलाला नव्हती. मग सफाईच्या मावशींना झाडू घालून तो काढावा लागे, आणि मावशी फाशाबरोबर सगळ्यांचा उद्धारही करत. ट्रेमध्ये फासे असे खणखणायचे की सिस्टर दारातून ओरडायच्या, "अहो बाई, दवाखाना आहे हा!"

मुलांचा सगळ्यात आवडता खेळ घोड्यांच्या शर्यतीचा. दोन फासे टाकायचे, बेरीज करायची, त्या आकड्याचा घोडा एक घर पुढे. घोडे काढायला वही कशाला हवी? एवढी पांढरीशुभ्र प्लास्टरं होती की! ज्याचं प्लास्टर सगळ्यात लांब, त्याच्या पायावर त्या दिवशीची शर्यत. सातचा घोडा पुन्हा पुन्हा का जिंकतो, हे मुलांनी भांडत-भांडत स्वतःच शोधून काढलं होतं. फक्त सगळ्यात लहान पोरगा दर शुक्रवारी एकचा घोडा घ्यायचा. दोन फाशांची बेरीज एक कशी येणार? त्याचा घोडा तबेल्याबाहेर पडायचाच नाही. पण त्याला त्याचं काही नव्हतं. सगळे त्याला लिंबूटिंबू म्हणायचे, खेळात असून नसल्यासारखा. लिंबू तेवढ्यावरच खूश होता.

त्याच्या शेजारची, खिडकीजवळची शेवटची खाट वकीलबाईंची. वय अकरा, जन्मापासून डावा पाय आत वळलेला, आणि जीभ मात्र एकदम सरळ. कुठलीही गोष्ट "का?" विचारल्याशिवाय ती मान्य करायची नाही. इंजेक्शन उजव्या हातालाच का, इथपासून तिची उलटतपासणी सुरू व्हायची. तिचे वडील शिंपी होते. आई घरी धाकट्यांना सांभाळत होती, म्हणून तेच मुलीजवळ असायचे. स्टुलावर बसून ते कुणाच्या तरी चादरीला टीप घाल, कुणाच्या गाऊनला नाडी लाव, असं काहीतरी करत राहायचे. वॉर्डात ते सगळ्यांचे टेलरकाका झाले होते.

एका शुक्रवारी बाईंना नवीन प्रयोग सुचला. टेलरकाकांकडून त्यांनी एक कापडी पिशवी शिवून घेतली आणि एकाच मापाची दहा बटणं घेतली, नऊ पांढरी आणि एक काळं. मुलंही दहाच होती. पिशवी खाटेवरून खाटेवर जाणार, प्रत्येकाने न बघता एक बटण काढायचं. आता खरं म्हणजे काढलेलं बटण दाखवून परत पिशवीत टाकायला हवं होतं, पिशवी हलवायला हवी होती आणि मगच पुढच्याकडे द्यायला हवी होती. पण दुधाची वेळ झाली होती, सिस्टर घड्याळाकडे बघत होत्या. बाईंनी घाई केली.

"बटण मुठीतच ठेवा रे," त्या म्हणाल्या. "ज्याला काळं येईल, त्याने पुढचा खेळ निवडायचा."

पिशवी फिरत फिरत वकीलबाईंपर्यंत आली. तिने पिशवीत हात घातलाच नाही.

"कुणाला काळं आलंय का?" तिने विचारलं.

कुणालाच आलं नव्हतं.

"मग मी कशाला बघू? माझं काळंच."

बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी सगळ्या वॉर्डाला टाळ्या वाजवायला लावल्या. "शाब्बास! असं डोकं चालवायचं असतं!" असं त्या तीन-तीनदा म्हणाल्या. दूध आलं, तास संपला. बाई घरी जाताना गुणगुणत गेल्या.

पुढच्या आठवड्यात मोठे डॉक्टर वकीलबाईंच्या खाटेशी आले. त्यांनी पायाचा फोटो उजेडात धरून पाहिला आणि टेलरकाकांना म्हणाले, "आता करून टाकू. उशीर केला तर हाड कडक होत जाईल, मग अवघड. घाबरायचं काही नाही. दहातली नऊ मुलं छान चालायला लागतात."

"आणि दहावं?" खाटेवरून प्रश्न आला.

डॉक्टर हसले. "दहाव्याचं कधीकधी हाड नीट जुळत नाही. मग पुन्हा करावं लागतं. पण तू त्याचा विचार नको करूस."

वकीलबाईंना विचार करू नको म्हणणं म्हणजे मावशींना बोलू नका म्हणण्यासारखं. त्या दिवशी ती जेवली नाही. संध्याकाळी तिने जाहीर केलं, "मी ऑपरेशन करणार नाही."

का, ते सांगेना. टेलरकाकांनी समजावलं, मग रागावले, मग रडकुंडीला आले. "अगं, तुझी आई तिकडे वाट बघतेय, तू चालत घरी येशील म्हणून," ते म्हणाले. सिस्टरनी गोष्ट सांगितली. मावशींनी धमकी दिली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. बाईंनीही प्रयत्न केला, पण बाईंकडे तर ती बघेचना. दोन दिवसांत सगळ्यांच्या नाकी नऊ आले.

शेवटी डॉक्टर फेरीत सिस्टरना म्हणाले, "ही तयार नसेल तर मंगळवारी लिंबूला घेऊ. त्याचंही हेच ऑपरेशन आहे. तो कुठे भांडतोय?"

डॉक्टर दोन खाटा पुढे गेले नसतील, तोच मागून आवाज आला.

"नको. त्याला नको. मीच जाते."

टेलरकाकांच्या जिवात जीव आला. सिस्टरनी लगबगीने वेळ पक्की केली. सगळा वॉर्ड हुश्श म्हणाला. पण बाईंना काही ते पचेना. वकीलबाई आणि वाद न घालता कबूल? कुठेतरी पाणी मुरत होतं. दुपारी टेलरकाका चहाला गेले तशा बाई तिच्या खाटेवर जाऊन बसल्या.

"खरं सांग. एकदम कशी तयार झालीस?"

"अशीच."

"अशीच म्हणे! ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. मी कुणाला सांगणार नाही."

मुलीने लिंबूकडे पाहिलं. तो झोपला होता. मग ती हळू आवाजात, पण अगदी मुद्देसूद बोलली. या ऑपरेशनची मुलं घरी जाताना तिने स्वतः पाहिली होती. जो घरी जाई तो आधाराशिवाय दारापर्यंत चालत जाई आणि बाकीचे ताटांवर चमचे वाजवत. अशी लागोपाठ नऊ जणं गेली. नऊच्या नऊ चांगली चालत.

"म्हणजे नऊ पांढरी संपली ना बाई? आता काळंच उरलं. मी नाही गेले तर लिंबू दहावा होईल. तो एवढासा आहे. त्याला दोनदा कापायचं? त्यापेक्षा मीच दहावी होते. मग त्याच्यापासून परत नवीन दहा सुरू होतील."

एवढीशी पोर गेले तीन दिवस हे ओझं एकटी वाहत होती, आणि ते ओझं तिच्या डोक्यावर ठेवलं होतं कुणी? त्यांनीच. वर टाळ्याही वाजवून घेतल्या होत्या! मुलीचं काही चुकलं नव्हतं. जसं शिकवलं तसं ती शिकली होती. बाईंना स्वतःचा असा राग आला की आता समोर मुख्याध्यापक असते तर त्यांची काही धडगत नव्हती.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "मी अर्धाच प्रयोग केला. पिशवी कुठे आहे?"

"आज शुक्रवार नाहीये."

"नसू दे."

दुपारची झोपायची वेळ होती. बाईंनी सगळ्यांना उठवलं. सिस्टर धावत आल्या, पण बाईंचा चेहरा बघून परत गेल्या. यावेळी नियम वेगळा होता. बटण काढायचं, सगळ्यांना दाखवायचं, परत पिशवीत टाकायचं, पिशवी खळाखळा हलवायची आणि मगच पुढच्याला द्यायची. मुलं हलत नव्हती, म्हणून पिशवी घेऊन बाईच या खाटेवरून त्या खाटेवर पळत होत्या. तीनच फेऱ्यांत त्यांना धाप लागली.

पहिल्यांदा काळं आलं ते लिंबूला. पुढच्या फेरीत पुन्हा लिंबूलाच. तो आनंदाने किंचाळला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला काहीतरी आलं होतं. त्यानंतर मात्र काळं बटण कुठे दडी मारून बसलं कुणास ठाऊक. पांढरं, पांढरं, पांढरं. मुलं ओरडायला लागली, "आता येणार! आता येणारच!" आणि तरी पांढरं. टेलरकाका चहाहून परत आले, त्यांनाही काढायला लावलं. पांढरं. मावशींनी झाडू बाजूला ठेवून हात घातला. पांढरं. "माझं नशीब नेहमी असंच," मावशी म्हणाल्या, पण हसत होत्या.

पिशवी वकीलबाईंकडे आली. तिच्या आधी ओळीने नऊ जणांनी पांढरं काढलं होतं. तिने ते मोजलं होतं, आणि ती मोजतेय हे बाईंना दिसत होतं.

"काढ," बाई म्हणाल्या. "पण आधी आत बघ. काय काय आहे?"

तिने पिशवी मांडीवर उपडी केली. बोटाने एकेक बटण बाजूला सारलं. नऊ पांढरी, एक काळं.

"आधी नऊ जणांनी पांढरं काढलं ना?" बाईंनी विचारलं.

"हो."

"मग एकतरी पांढरं कमी झालंय का?"

तिने बटणं पुन्हा एकदा मोजली. मग तिने मान वर केली. डोळ्यांत तीच जुनी भांडकुदळ चमक होती. बाईंना इतकं बरं वाटलं की त्यांना रडूच येईल असं झालं.

"पण बाई, ती नऊ मुलं घरी गेली. ती काही परत पिशवीत आली नाहीत."

"बिनतोड," बाई म्हणाल्या. "पण मुलं म्हणजे बटणं नव्हेत गं. प्रत्येक मूल आपापली पिशवी घेऊन येतं. प्रत्येकाच्या पिशवीत नऊ पांढरी, एक काळं. दुसऱ्याने त्याच्या पिशवीतून काय काढलं, ते तुझ्या पिशवीला कुठून कळणार? तिला ना डोळे, ना कान."

"म्हणजे लिंबूची पिशवी वेगळी?"

"वेगळी."

"मी आधी गेले काय, नंतर गेले काय, त्याला काहीच फरक नाही?"

"काडीचाही नाही."

वकीलबाई जराशा हिरमुसल्या. केलेला एवढा मोठा त्याग फुकट गेला म्हटल्यावर कुणीही हिरमुसेल. पण थोड्याच वेळात तिचे खांदे सैल झाले आणि तिने उशीला पाठ टेकली. मग शेवटचा प्रश्न आला.

"माझ्या पिशवीत काळं आहे ना पण?"

टेलरकाकांनी बाईंकडे असं पाहिलं, जणू म्हणत होते, नाही म्हणा, पाया पडतो, नाही म्हणा. बाईंच्याही जिभेवर 'नाही' आलंच होतं. पण अर्धवट शिकवण्याचा परिणाम त्या नुकत्याच बघून बसल्या होत्या.

"आहे," त्या म्हणाल्या. "एक आहे."

"मग चालेल," मुलगी म्हणाली आणि तिने दूध मागितलं.

मंगळवारी तिचं ऑपरेशन झालं. पुढच्या मंगळवारी लिंबूचं. दोघं शेजारी-शेजारी, दोघांचे पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये, आणि लांबीवरून भांडण. दोन शर्यती एकाच वेळी लागायला लागल्या. लिंबूने एकचा घोडा सोडून पाचचा घेतला, त्या दिवशी वकीलबाईंनी त्याला स्वतःच्या वाटणीचं बिस्किट दिलं.

प्लास्टर आधी तिचं कापलं गेलं. फोटो काढून झाला. तो उजेडात धरून डॉक्टर जरा जास्तच वेळ बघत राहिले, तेव्हाच बाई समजल्या. हाड एका जागी जुळलं नव्हतं.

टेलरकाका स्टुलावर बसले ते बसूनच राहिले. हातातली चादर खाली पडली, त्यांना कळलंही नाही. मुलीने तोंड भिंतीकडे केलं आणि ती उशीत रडू लागली. आवाज न करता, खांदे हलवत. बाई तिच्या पाठीवर हात ठेवून बसल्या. नऊ पांढऱ्या बटणांतून हात गेला आणि नेमका काळ्यावर पडला. त्यात कुणाचा दोष नव्हता. पण दोष कुणाचा नसला म्हणून दुःख थोडंच हलकं होतं?

तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरचा पैलवान बोलून गेला. पैलवान म्हणजे पाय मोडलेला काडीसारखा पोरगा. मनाने वाईट नव्हता, पण तोंडाला कुलूप नव्हतं. "बघा! दहावी तीच निघाली. म्हणजे आता लिंबूचं नक्की चांगलं होणार!"

हे ऐकून लिंबू खूश व्हायला हवा होता. त्याने भोकाड पसरलं. "माझ्यासाठी केलं तिने! माझं काळं तिने घेतलं! मला नको तिचं पांढरं!" प्लास्टरचा पाय त्याला हलवता येईना, म्हणून तो हातांनी खाटेच्या कडेवर मारत सुटला. सिस्टर आल्या, मावशी आल्या, तो कुणालाच ऐकेना. बाई उठणार, एवढ्यात त्यांच्या हाताखालची पाठ हलली.

वकीलबाईंनी तोंड फिरवलं. नाक लाल, गालाला उशीची घडी उमटलेली.

"ए गप रे," ती म्हणाली. "तुझं काळं मी कशाला घेईन? माझं होतं, मला आलं. माझी पिशवी माझी, तुझी तुझी."

"पण तू दहावी…"

"मी कुणी दहावी-बिहावी नाहीये. पैलवानाला काय कळतंय? त्या दिवशी तुला काळं दोनदा आलं होतं, आठवतंय? म्हणून बाकीच्यांचं काही बदललं का? नाही ना? मग. तुझ्या पिशवीत अजून नऊच्या नऊ आहेत. आणि रडू नकोस, मला रडायचंय आत्ता, तुझ्या आवाजात मला रडताही येत नाहीये."

लिंबूने हुंदका गिळला. मग मावशींनी त्याचं नाक पुसलं. बाईंनी खिडकीकडे तोंड केलं, कारण वॉर्डाने त्यांना चिडलेलं पुष्कळदा पाहिलं होतं, पण रडताना कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टर अजून तिथेच उभे होते. एरवी ते कधीच एका खाटेशी एवढा वेळ थांबत नसत. त्यांनी स्टूल ओढलं आणि मुलीच्या समोर बसले, तिच्या वडिलांच्या नव्हे.

"पुन्हा करता येईल," ते म्हणाले. "पण मी तुला नऊ म्हणणार नाही. दुसऱ्या खेपेला जरा अवघड असतं. दहातली आठ चालायला लागतात."

"आणि दोन?"

"दोन चालतात, पण पट्टा लावून. कायमचा."

टेलरकाका एकदम पुढे झाले. "नको डॉक्टर. आधी नऊ होते तरी हे असं झालं. आता तर आठच. पोरीला पुन्हा कापायचं नको. आहे तशी घेऊन जातो मी तिला."

मुलीने वडिलांकडे पाहिलं. हाच माणूस महिन्या-दीड महिन्यापूर्वी हो म्हण म्हणून तिच्या विनवण्या करत होता. तिने हात लांब करून त्यांच्या सदऱ्याची बाही धरली आणि त्यांना खाटेवर आपल्याजवळ बसवलं.

"बाबा, आधीचं गेलं. ते आता मोजायचं नाही," ती म्हणाली. लहान मुलाला समजवावं तसं, सावकाश. "ही नवीन पिशवी आहे. आणि आठ काय कमी आहेत का? आठ आहेत रे बाबा. आठ!"

टेलरकाकांनी डोळे पुसले आणि होकाराची मान हलवली. डॉक्टरांनी वार विचारला. ती म्हणाली, पहिला जो मोकळा असेल तो.